पाहुण्यांचं गाणं संपल्यावर

“ब्रिटिश तर समोरचेही आहेत. मग आपण खेळायचं तरी कोण म्हणून?”

होप्सफर्ड बोलिंग क्लबच्या वसंतातल्या बैठकीत विन्सम लॉइड असं म्हणाली आणि क्षणभर सगळ्यांना चहाच्या किटलीची घरघर ऐकू आली. बैठकीसमोर विषय होते गवत कापायच्या यंत्राची दुरुस्ती आणि कुंपणाचा रंग. हा विषय नव्हता. चिटणीस क्लिफर्ड नॅशने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो निवृत्त बँक मॅनेजर. अवघड काही समोर आलं की आधी काचा पुसायची त्याची जुनी सवय.

“विन, प्रश्न नीट कळला नाही,” तो म्हणाला.

“कळलाय तुला. मागच्या वर्षी तू माझ्या शेजारीच उभा होतास.”

मागच्या वर्षीचं सगळ्यांनाच आठवत होतं, आणि म्हणूनच कुणी ते काढत नव्हतं.

होप्सफर्ड हे इंग्लंडचं शेवटचं गाव. गावाखालून ओढा वाहतो, ओढ्यापलीकडे वेल्स. ऑगस्टअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी होप्सफर्डचा आणि पलीकडच्या पाँटवेन गावाचा सामना होतो, एका वर्षी इथे, एका वर्षी तिथे. खेळ म्हाताऱ्यांचा म्हणतात, पण त्यात म्हातारपणाचं काही नाही. कासवाच्या पाठीसारखी मधोमध फुगलेली हिरवळ असते. आधी लहान गोळा टाकायचा, मग आपले मोठे गोळे त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. गोळे एका अंगाला वळतील असेच घडवलेले. सरळ टाकलेला गोळा सरळ जात नाही, इथल्या माणसांसारखंच.

सामन्याआधीची रीत ठरलेली. पाहुण्यांनी आपल्या झेंड्यामागून हिरवळीवर यायचं आणि गाणं म्हणायचं. मग यजमानांनी. मग यजमानांच्या कॅप्टनने लहान गोळा टाकायचा. पाँटवेनकर येतात ते वेल्सचा लाल ड्रॅगनचा झेंडा घेऊन, आणि त्यांचं गाणं असं म्हणतात की गोठ्यातल्या गाईंनी माना वर कराव्यात. होप्सफर्डकर येतात ते युनियन जॅक घेऊन, म्हणजे इंग्लंड-वेल्ससकट अख्ख्या ब्रिटनचा झेंडा. राजाचं गाणं शर्टाच्या कॉलरमध्ये पुटपुटतात आणि लवकर संपलं म्हणून सुटकेचा श्वास टाकतात.

मागच्या वर्षी पाँटवेनमध्ये हे पुटपुटणं संपलं तेव्हा त्यांचा कॅप्टन इड्वल टोपी हातात धरून म्हणाला होता, “छान म्हटलंत कॅप्टन. आम्हीही उभे राहिलो, कारण तो राजा आमचाही आहे, तो झेंडाही आमचा, गाणंही आमचं. पण एक विचारू का? तुमचं स्वतःचं काय आहे? की सगळं आमच्याबरोबर भागीतच?”

सगळे हसले. होप्सफर्डकर जास्त मोठ्याने हसले, कारण आपल्यावरच्या विनोदाला आधी आपण हसायचं हे इथे आईच्या दुधाबरोबर मिळतं. विन्सम हसली नाही. त्या दुपारी तिचे गोळे कुठल्या कुठे गेले.

आता ती बैठकीत उभी होती. साठी ओलांडलेली उंच बाई, केस बारीक कापलेले, पायात अजून पोस्टाच्या नोकरीतले जाड बूट. “माझं म्हणणं एवढंच,” ती म्हणाली. “या वर्षी सामना आपल्याकडे आहे. आपण लाल क्रूसाच्या झेंड्यामागून बाहेर यायचं. इंग्लंडच्या. आणि राजाचं गाणं म्हणायचं नाही.”

“लाल क्रूस?” हेझल टिडीने कप खाली ठेवला. चहा, केक आणि क्लबची शिलाई हेझलकडे. “अगं, तो झेंडा गाडीला लावणारे कोण असतात माहितीये ना? उघडेबंब, हातात बिअरचे डबे. माझी बहीण म्हणते, ज्याच्या खिडकीत तो दिसला त्याच्या दारावरून जाऊ नये.”

“चर्चच्या मनोऱ्यावर असतो तो. तिथून जातेसच की तू.”

“चर्चचं वेगळं.”

“का? देव बिअर पीत नाही म्हणून?” कोपऱ्यातून रेग ट्रँटर म्हणाला. रेग खाटीक. क्लबमध्ये तो विनोदांसाठी आणि सॉसेजसाठी प्रसिद्ध.

क्लिफर्डने पुन्हा काचा पुसल्या. “विन, मला वाईट हेतूने म्हणायचं नाही. पण हे दुसऱ्या कुणी मांडलं असतं तर गोष्ट वेगळी. तू... म्हणजे तूच का?”

“मी म्हणजे कोण, क्लिफर्ड?”

खोलीतली सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. क्लिफर्डचे कान लाल झाले. “मला वाटलं होतं, ब्रिटिश हा शब्द तुला बरा वाटत असेल. त्यात सगळे मावतात.”

“मावतात ना. म्हणूनच त्यात कुणी भेटत नाही.” विन्सम खाली बसली. मग बसल्या बसल्याच म्हणाली, “कॅप्टन मी हवी असेन तर मी त्या झेंड्यामागून निघेन. नको असेन तर दुसरा बघा.”

मत जुलैत घ्यायचं ठरलं. क्लिफर्डने एक अट घातली. राजाचं गाणं नको, तर त्या जागी काय म्हणायचं ते तिने आणावं. ती म्हणाली, “आणते.”

*

विन्समची आई आयरिस जमैकात, ब्रिटिश वसाहतीत, जन्मली तेव्हाच ब्रिटिश होती, समुद्र बघायच्याही आधी. शाळेत तिने ब्रिटनच्या नद्या पाठ केल्या होत्या. राजाच्या वाढदिवसाला पांढरे मोजे घालून ती उन्हात रांगेत उभी राहिली होती. नर्स व्हायला बोटीने आली ती आपल्याच घरी निघाल्यासारखी. घराने मात्र तिला ओळखलं नाही. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये ती खोली बघायला गेली, तेव्हा दारातली बाई तिचा काळा चेहरा बघून गोड हसत म्हणाली, “आत्ताच गेली हो खोली.” खिडकीतली ‘खोली भाड्याने’ ही पाटी तशीच होती. पुढे होप्सफर्डजवळच्या इस्पितळात कायमची नोकरी लागली, तिथेच जमैकाहूनच आलेल्या लॉइडशी लग्न झालं, तिथेच विन्सम झाली. वडील ती लहान असतानाच गेले.

आयरिसने ‘ब्रिटिश’ हा शब्द मरेपर्यंत इस्त्री करून ठेवला. “कुणी विचारलं तर सांगायचं, मी ब्रिटिश आहे,” ती मुलीला बजावायची. “ते कुणी काढून घेऊ शकत नाही.”

लोक विचारायचे. बसमध्ये, दुकानात, गावच्या जत्रेत. “कुठली गं तू, पोरी?”

“होप्सफर्डची.”

“तसं नव्हे. मूळची?”

“मूळची होप्सफर्डची.”

“अगं, पण त्याच्या आधी?”

त्याच्या आधी ती नव्हती. पण हे उत्तर कुणाला पुरायचं नाही. मग ती आईने दिलेला शब्द काढायची, आणि विचारणाऱ्याचा चेहरा सैल पडायचा. ब्रिटिश. हां, असं होय. जणू तिने तिकीट दाखवलं होतं.

एकदा, अठरा-एकोणीस वर्षांची असताना, ती वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजारातून बसकडे निघाली होती. काळ्यांना हाकला म्हणणारा मोर्चा संपवून काही पोरं परतत होती. त्यांच्या खांद्यांवर युनियन जॅक पांघरलेला. त्यांनी तिला पाहिलं आणि ती पळाली, आणि एका मासेवाल्याने तिला बर्फाच्या पेट्यांमागे घेतलं. पेट्यांच्या फटीतून तिला फक्त झेंड्यांचे रंग जाताना दिसत होते. आईचा सगळ्यात स्वच्छ शब्द त्यांच्या पाठीवर फडफडत होता. घरी आल्यावर तिने आईला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसानंतर तो शब्द तोंडात आला की तिला बर्फाचा आणि माशांचा वास यायचा.

आणि ‘इंग्लिश’? तो शब्द तिला कुणी दिलाच नव्हता. तो मागायचा नसतो, मिळायचाही नसतो. गावातल्या कुणाला तो कधी उच्चारावाही लागला नव्हता. दुसऱ्याच्या घरातल्या आरामखुर्चीसारखा तो होता. बस म्हणाले नाहीत, आणि बसू नको असंही म्हणाले नाहीत.

मग तिला पोस्टात नोकरी लागली.

तिची टपाल वाटायची वाट ओढ्याच्या दोन्ही अंगांनी होती. सकाळभरात ती कितीदा इंग्लंडमधून वेल्समध्ये जायची आणि परत यायची, तिचं तिलाच कळायचं नाही. एका शेतात घर इकडे आणि कोंबड्यांचं खुराडं तिकडे. पलीकडच्या टेकडीवर मिसेस प्राइस राहायची. नवरा नाही, मेंढ्या पुष्कळ, जीभ त्याहून लांब. एका मार्चच्या सकाळी विन्समने तिचं पाकीट दिलं आणि उतारावरून निघाली. मागचं फाटक लावायचं राहिलं. थोड्या वेळात मेंढ्यांचा पांढरा लोंढा रस्त्यावर, आणि त्यांच्यामागे, एका पायात बूट आणि एका पायात सपाता घालून, मिसेस प्राइस.

“अगं मेले! फाटक कोण लावणार, तुझा बाप? तुम्ही इंग्लिश मेले सगळे सारखेच! आलात की दारं सताड टाकायची, गेलात की निस्तरायचं आम्ही! शेकडो वर्षं तेच चाललंय!”

विन्सम रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मेंढ्या तिच्या दोन्ही अंगांनी वाहत होत्या.

“काय म्हणालात?”

“बहिरी आहेस का? इंग्लिश म्हटलं! तुम्ही इंग्लिश!”

दोघींनी मिळून मेंढ्या आत घातल्या. त्याला दुपार झाली. मिसेस प्राइस पूर्ण वेळ शिव्या देत होती आणि विन्सम चिखलात गुडघ्यापर्यंत बुडून, पावसाने भिजून, हसत होती. “हसतेस काय गं, शरम नाही?” म्हातारी ओरडली. विन्समला सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला ते म्हटलं होतं. विचार करून नाही, मन मोठं करून नाही, सभ्यपणाने तर नाहीच. रागात, सहज, जसं गावातल्या दुसऱ्या कुणालाही म्हटलं असतं तसं. ती म्हातारी तिच्या तोंडाकडे बघून शिवी देत होती आणि तिला त्या तोंडात फक्त ओढ्याअलीकडचं गाव दिसत होतं.

त्या सकाळनंतर फाटक उघडं राहिलं नाही. पण तो शब्द तिने परत आणला. पुढे बोलिंग शिकली, क्लबात शिरली, कॅप्टन झाली, ती काही हिरवळीच्या प्रेमाने नव्हे. वर्षातली एक दुपार अशी होती की समोर पाँटवेन उभं असायचं आणि तिला कुणी “मूळची कुठली” विचारत नसे. समोरच्यांना ती कोण ते पक्कं ठाऊक असे. हरवायच्या माणसांतली एक.

आणि त्याच दुपारी आपल्याच बाजूने तिच्या डोक्यावर युनियन जॅक धरला जायचा. म्हणजे पुन्हा तिकीट दाखव.

हे तिने बैठकीत सांगितलं नाही. सांगायचं नसतंच इथे.

*

गाण्याचं जमेना.

मे महिन्यात सरावाच्या संध्याकाळी तिने सगळ्यांना पॅव्हिलियनमध्ये उभं केलं. “प्रत्येकाने एक सुचवा. इंग्लंडचं. ब्रिटनचं नको.”

हेझलने शाळेतली एक प्रार्थना सुचवली. सुरुवात सगळ्यांना येत होती. दुसऱ्या ओळीला आवाज पातळ झाले, तिसऱ्या ओळीला एकटी हेझल उरली, आणि ती लाजून खिडकीबाहेर बघत थांबली.

“चाल जर्मन माणसाची आहे ती,” क्लिफर्ड म्हणाला.

“चालेल की, राजेही जर्मनीहूनच मागवले होते आपण,” रेग म्हणाला. मग त्याने एक गाणं सुरू केलं, ज्यात शेतकऱ्याची मुलगी गवताच्या गंजीमागे जाते. हे मात्र सगळ्यांना शेवटपर्यंत पाठ होतं. गावच्या पाद्र्यालाही, असं रेगचं म्हणणं.

“हे म्हणून बाहेर पडायचं? इड्वलसमोर?” विन्सम म्हणाली.

“निदान इंग्लिश तरी आहे!”

कुणीतरी समुद्रावर राज्य करण्याचं गाणं काढलं. क्लिफर्डने बोट वर केलं, “ते ब्रिटनचं.” दुसरं सुचवलं, तेही ब्रिटनचं. प्रत्येक वेळी असंच. पेटीतून आपली म्हणून वस्तू काढावी आणि तिच्यावर भावकीचं नाव निघावं. मग हेझलने चहा केला, आणि चहा आल्यावर सगळ्यांचे चेहरे एकदम सुखी झाले, कारण आता गाणं म्हणायचं नव्हतं.

विन्सम कपावर हात शेकत त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता आणि काहीतरी आठवतही होतं.

आयरिस गेली तो आठवडा. गावातलं कुणी दारात येऊन रडलं नाही. जमैकातून फोन आले, त्यात बायका मोठ्याने गात होत्या, आक्रोश करत होत्या. होप्सफर्ड गप्प. विन्सम खिडकीशी बसून मनात म्हणाली, इतकी वर्षं हिने यांची बाळंतपणं केली, म्हातारी माणसं उचलली, आणि यांना एक शब्द जड झाला. मग तिने दार उघडलं, तर पायरीवर झाकलेल्या भांड्यात स्टू. कडीला कागदात गुंडाळलेले रेगचे सॉसेज. आणि बागेत, बँकेतला कोट आणि टाय घालून, क्लिफर्ड नॅश आयरिसचं वाढलेलं झुडपांचं कुंपण कापत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने कात्री थोडी वर केली, जणू भलत्याच घरात सापडला आहे, आणि पुन्हा कापू लागला. अंत्यविधीच्या दिवशी सगळं गाव रस्त्याच्या कडेला टोप्या काढून उभं होतं. कुणी काही म्हणालं नाही. गाडी वळेपर्यंत कुणी हललंही नाही.

*

जूनमध्ये बातमी गावभर झाली. होणारच होती. पबमध्ये एक माणूस तिच्या टेबलाशी आला. अंगात लाल क्रूसाचा टी-शर्ट, हातात ग्लास.

“ऐकलं, तुम्ही लोक आमचा झेंडा घेऊन नाचणार म्हणे.”

“आमचा म्हणजे कुणाचा?” विन्समने विचारलं.

“इंग्लंडचा. इथल्यांचा.”

“तू कुठल्या घरात राहतोस?”

“दगडी पुलाजवळ. तिसरं.”

“ते मिस हॅरपचं. ती गेल्यावर विकलं गेलं. म्हणजे तू टेलफर्डहून आलेला. कुत्र्यासकट.” तिने बिअरचा घोट घेतला. “मागच्या हिवाळ्यात तुझ्या घराचा नळ गोठला तेव्हा मेन कॉक कुठे आहे ते तुला कुणी दाखवलं?”

माणसाने ग्लास टेबलावर ठेवला.

“मीच ना? इथल्यांना विचारायला आलास आणि माझंच दार वाजवलंस. तेव्हा नाही म्हणालास, तुम्ही लोक.”

रेग काउंटरपाशी इतका हसला की त्याला ठसका लागला. माणूस काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. घरी जाताना मात्र विन्समला वाटलं, हेझलची बहीण चुकीचं बोलत नव्हती. तो झेंडा अशाच अंगांवर असतो. पण मग तो त्यांच्याच अंगावर सोडून द्यायचा? ज्या पोरांपासून ती पळाली त्यांच्या खांद्यांवर दुसराच झेंडा होता, आणि तो तर आजही कचेऱ्यांवर, बिस्किटांच्या डब्यांवर निवांत फडकतो. धुतला गेला तो. कुणीतरी धुतला. वापरून वापरून.

जुलैच्या बैठकीत हात वर झाले. क्लिफर्डने मोजले, पुन्हा मोजले. बरोबरीत होते. उरली हेझल, तिचे दोन्ही हात मांडीवर.

“हेझल?” क्लिफर्ड म्हणाला.

“थांबा, विचार करतेय.” ती विन्समकडे बघत होती. “अगं, तुला खरंच हवाय का तो? की इड्वलने डिवचलं म्हणून?”

“डिवचलं म्हणून कळलं,” विन्सम म्हणाली. “हवा आधीपासून होता.”

हेझलने नाक ओढलं. “बाजारातला घ्यायचा नाही मग. नायलॉनचा असतो, चिकटतो. मी शिवीन.” आणि हात वर केला.

“झेंडा मंजूर,” क्लिफर्ड कोरडेपणाने म्हणाला. “आणि गाणं? विन, गाणं आणलंस?”

“नाही.”

“म्हणजे नेहमीप्रमाणे राजाचं.”

“नाही.”

“अगं, मग म्हणायचं काय? ते दहा मिनिटं गाणार आणि आपण काय, खोकायचं?”

“ते मी बघते.”

“कॅप्टन तू आहेस,” क्लिफर्ड म्हणाला, “पण तिथे उभे आम्हीही असणार. हसं होईल ते आमचंही.”

“आपलं,” विन्सम म्हणाली.

*

सामन्याच्या दिवशी आभाळ राखाडी आणि उंच होतं, वारा बेताचा. पाँटवेनची बस आली. इड्वल उतरला, मागून बाकीचे, कुणाच्या हातात मनुकांच्या ब्रेडची टोपली, कुणाच्या हातात गोळ्यांच्या चामडी पिशव्या.

पहिल्या वर्षी, विन्सम नवी कॅप्टन असताना, इड्वल तिला म्हणाला होता, “लॉइड! अहो, हे तर आमचं नाव. इकडे काय करताय? आमच्याकडून खेळा!” त्यावर ती म्हणाली होती, “तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्या खापरपणजोबाला उसाच्या मळ्यासकट विकत घेतलं होतं. तेव्हापासून आहे आमच्याकडे.” इड्वलने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “मग चहा तरी माझ्याकडून घ्या.” त्यानंतर त्याने नावाची थट्टा केली नाही. तो तिला फक्त कॅप्टन म्हणतो.

“काय कॅप्टन,” आज तो म्हणाला, “गाणं सापडलं का? की या वर्षीही आमच्यातलंच वापरणार? भाडं लावीन हं.”

“तुमचं होऊ दे आधी.”

होप्सफर्डची टीम पॅव्हिलियनमध्ये दाराआड जमली. हेझलने गुंडाळी उलगडली. जाड सुती कापड, त्यावर लाल क्रूस. उभी पट्टी किंचित डावीकडे झुकली होती.

“वाकडा आहे,” रेग म्हणाला.

“तुझ्या नाकापेक्षा सरळ आहे,” हेझल म्हणाली. “पंखा होता डोक्यावर, कापड सरकलं. कोण धरणार?”

विन्समने काठी क्लिफर्डपुढे केली. तो दचकला. “मी? मी विरोधात हात वर केला होता.”

“तू सगळ्यात उंच आहेस.”

“हे काही कारण नव्हे.”

“कुंपणही तूच कापलं होतंस,” ती म्हणाली.

क्लिफर्डने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने काठी घेतली, तोल बघितला, आणि मोकळ्या हाताने टाय सारखा केला.

बाहेर पाँटवेनकर हिरवळीवर आले. टोप्या काढल्या. मग त्यांचं गाणं उठलं, आधी जाड आवाज, मग त्यांच्यावरून बायकांचे, मग सगळे मिळून, आणि ते कुंपणावरून, चर्चवरून, ओढ्यावरून पलीकडे गेलं. खुर्च्यांवर बसलेलं होप्सफर्ड ऐकत होतं. एका बाईने डोळे पुसले, आणि ती इंग्लिश होती. दाराआड हेझल हळूच म्हणाली, “किती सुंदर म्हणतात गं, मेले.”

विन्सम ऐकत होती. तिला हेवा वाटला नाही, याचंच तिला नवल वाटलं. ती आपल्या माणसांकडे बघत होती. रेगने आज पहिल्यांदा स्वच्छ शर्ट घातला होता. हेझलचे ओठ घट्ट मिटलेले. क्लिफर्डचे कान लाल, पण काठी त्याने छातीशी सरळ धरलेली. कुणी काही बोलत नव्हतं आणि कुणी जातही नव्हतं. आईच्या गाडीच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभे होते ना, तसेच. त्याच टोप्या, तेच खाली वळलेले डोळे.

गाणं संपलं. शेवटचा सूर ओढ्यापलीकडे विरला आणि हिरवळीवर शांतता पडली. इड्वलने टोपी डोक्यावर ठेवली नाही. तो पॅव्हिलियनच्या दाराकडे बघत थांबला. सगळेच थांबले.

“विन,” क्लिफर्ड तिच्या कानाशी कुजबुजला, “अजून वेळ आहे. राजाचं सुरू करू का? मी आवाज लावतो. कुणी हसणार नाही.”

तिने मान हलवली. नाही.

“मग काय म्हणू आम्ही? काहीतरी सांग.”

बाहेर एक खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं, आणि तो खोकलाही लगेच थांबला. शांतता वाढत गेली, वाढत गेली, आणि एका क्षणी ती रिकामी राहिली नाही. विन्समने टेबलावरचा लहान गोळा उचलला, अंगठ्याने त्यावरचा कण पुसला, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. मागे रेगचीही टोपी निघाली, मग हेझलची, मग सगळ्यांच्या. क्लिफर्डने झेंड्याची काठी उचलली. विन्समने दार पूर्ण उघडलं, झेंडा पुढे जाऊ दिला आणि एक शब्द न बोलता त्याच्यामागून बाहेर निघाली.